समुपदेशनाचा वर्ग उसाच्या फडावर

पश्चिम महाराष्ट्रातल्या एखाद्या ग्रामीण रुग्णालयात ऊसतोड करणारी बाई येते. झोप लागत नाही, छातीत धडधडतं, हातपाय गळून जातात. तपासण्यांत काही सापडत नाही, म्हणून डॉक्टर तिला समुपदेशकाकडे पाठवतात. समुपदेशक तरुण, अभ्यासू आणि मनापासून मदत करू पाहणारा. तो तिला शांत खोलीत बसवतो, सोबत आलेल्या जावेला बाहेर थांबायला सांगतो, रोज थोडा वेळ स्वतःसाठी काढा असं सुचवतो आणि पुढच्या बुधवारी अकरा वाजता यायला सांगतो. बाई मान डोलावते आणि पुन्हा येत नाही. नोंदवहीत ‘पाठपुराव्यास आली नाही’ एवढंच राहतं. बुधवारी अकरा वाजता ती फडात असते, खाडा पडला तर हिशेबातून पैसे कापले जातात आणि ज्या जावेला बाहेर बसवलं तिनंच धीर देऊन तिला इथवर आणलेलं असतं, यातलं काहीच त्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात आलेलं नसतं. हा लेख अशा समुपदेशकांना घडवणाऱ्या प्राध्यापकांसाठी, प्रात्यक्षिकांचं नियोजन करणाऱ्यांसाठी आणि स्वतः शिकणाऱ्यांसाठी आहे. आपल्यापेक्षा वेगळ्या समाजात काही काळ राहून शिकणं हा समुपदेशनाच्या प्रशिक्षणाचा सक्तीचा भाग असावा. मात्र ती सहल नसावी आणि समाजसेवाही नसावी. तो समाज शिकवणारा आणि समुपदेशक शिकणारा, हे नातं जिथे प्रत्यक्षात उतरतं तिथेच अशा राहण्याचा उपयोग होतो, असं माझं ठाम मत आहे.

अशील न सांगता निघून जातं, ही तक्रार जुनी आहे. अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल परिसरातल्या 17 मानसिक आरोग्य केंद्रांमधल्या सुमारे 14 हजार अशिलांच्या नोंदी मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली स्यू यांनी तपासल्या आणि 1977 साली निष्कर्ष मांडले. गोऱ्या अशिलांपैकी सुमारे 30 टक्के लोक पहिल्या भेटीनंतर परतले नाहीत. कृष्णवर्णीय आणि इतर अल्पसंख्य गटांमध्ये जवळपास निम्मे लोक असे परतले नाहीत. केंद्रं होती, तज्ज्ञ होते, तरी माणसं थांबत नव्हती. पुढे 1992 मध्ये डेराल्ड विंग स्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बहुसांस्कृतिक समुपदेशनाच्या क्षमतांची मांडणी केली. स्वतःच्या पूर्वग्रहांची जाणीव, अशिलाच्या जगाचं ज्ञान आणि त्या जगाला साजेशी कौशल्यं, असे तिचे तीन भाग होते. आपल्याकडच्या अभ्यासक्रमांनी यातला मधला भाग, म्हणजे ज्ञान, तेवढा उचलला. आदिवासींवर एक व्याख्यान, लिंगभाव अल्पसंख्याकांवर एक, ग्रामीण स्त्रीवर एक. अशा व्याख्यानांनी विद्यार्थ्याच्या हाती माहिती पडते, पण तिच्यासोबत नवे साचेही पडतात. ‘आदिवासी लाजाळू असतात’, ‘खेड्यातल्या बायका मोकळं बोलत नाहीत’ ही वाक्यं परीक्षेत गुण देतात आणि समोर माणूस आला की त्याच्या आड उभी राहतात. बाई बोलत नाही ती खेड्यातली आहे म्हणून, की तुम्ही विचारलेला प्रश्नच तिच्या आयुष्याला लागू नाही म्हणून, हे व्याख्यान सांगू शकत नाही.

मग नुसता संपर्क पुरतो का? तोही पुरत नाही. गॉर्डन ऑलपोर्ट यांनी 1954 मध्ये पूर्वग्रहांवर लिहिताना चार अटी घातल्या होत्या: दोन्ही बाजूंचा दर्जा समान हवा, ध्येय सामाईक हवं, कामात सहकार्य हवं आणि संस्थेचा पाठिंबा हवा. थॉमस पेटिग्रू आणि लिंडा ट्रॉप यांनी 2006 मध्ये पाचशेहून अधिक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा संपर्कानं पूर्वग्रह कमी होतात हे सर्वसाधारणपणे खरं ठरलं. या अटी पाळल्या गेल्या तिथे परिणाम अधिक ठळक होता. आता आपली ग्रामीण शिबिरं या अटींपुढे धरून पाहा. विद्यार्थी आठवडाभर गावात जातात, शाळेच्या खोलीत एकत्र राहतात, ग्रामस्वच्छता करतात, व्यसनमुक्तीवर पथनाट्य करतात आणि समारोपाला सरपंचांचा सत्कार होतो. यात गाव घेणारं आणि विद्यार्थी देणारे. दर्जा समान नाही, कामही सामाईक नाही. चांगल्या हेतूनं केलेल्या अशा शिबिरातून ‘या लोकांना समजावून सांगावं लागतं’ ही समजूत आणखी पक्की होऊन परत येते. समुपदेशकाच्या बाबतीत ही समजूत फार घातक आहे, कारण त्याचं सगळं काम ऐकण्यावर उभं आहे.

ऊसतोडीचंच उदाहरण मी इथे विस्तारानं घेतो, कारण महाराष्ट्रात दरवर्षी लाखो माणसं या कामासाठी घर सोडतात आणि ज्या तालुक्यांत ती सहा महिने राहतात तिथल्या आरोग्यसेवेच्या हिशेबात ती धडपणे नसतात. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते आणि हंगामभर ती फेडायची असते. फडाशेजारी किंवा कारखान्याच्या आवारात कोपी, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, उभ्या राहतात. बाई पहाटे अंधारातच उठते, पाणी आणते, भाकऱ्या थापते, पोराला सोबत घेऊन फडावर जाते. पुरुष तोडतो, ती पाचट काढते, मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत नेते. गाडी रात्री अकराला आली तर भरणी रात्री अकराला. संध्याकाळी वाढे, म्हणजे उसाच्या शेंड्यांचा चारा, विकून चार पैसे येतात, त्यातून तेल-मीठ. संडास नाही, आडोसा नाही, पाळीच्या दिवसांत सुट्टी नाही. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर बीड जिल्ह्यातल्या सुमारे 82 हजार ऊसतोड स्त्रियांची पाहणी आली. त्यांतल्या 13 हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली होती. गर्भाशयासोबत अंडाशयही काढलेलं असेल तर तिशीतल्या बाईलाही रजोनिवृत्तीचा त्रास सुरू होतो: झोप उडते, अंग तापतं, छाती धडधडते. सुरुवातीला उल्लेखलेल्या बाईला समुपदेशकानं ऑपरेशन झालं आहे का, हे विचारलंच नाही. फडावर चार दिवस राहिलेल्या माणसाच्या तोंडी हा प्रश्न पहिल्या पाचांत आला असता.

प्रत्यक्ष आखणी करताना माझा आग्रह एका सलग मुक्कामाऐवजी एकाच वर्षातल्या तीन भेटींचा आहे. पहिली भेट टोळी निघण्याआधी, गावात. दुसरी, सर्वांत मोठी, ऐन गाळप हंगामात फडावर. तिसरी हंगाम संपल्यावर पुन्हा गावात, त्याच कुटुंबांकडे. फक्त फडावर गेलेला विद्यार्थी या माणसांना कायमचं दुःखी आणि पिचलेलं समजून परततो. गावात त्यांचं घर असतं, भावकी असते, जत्रा असते, कुणी उत्तम गाणारी असते, कुणी बचत गट चालवते. तेच माणूस दोन ठिकाणी पाहिलं की परिस्थिती आणि स्वभाव यांतला फरक कळायला लागतो आणि समुपदेशनात निदानाइतकंच महत्त्व या फरकाला आहे. तिसरी भेट बहुतेक संस्था वगळतात, कारण तोवर परीक्षा आलेल्या असतात. ती वगळू नका. काम झाल्यावर परत न येणारी माणसं या समाजानं पुष्कळ पाहिली आहेत.

परवानगी कुणाची घ्यायची, यावर सगळं ठरतं. कारखान्याच्या किंवा मुकादमाच्या ओळखीनं गेलात तर जागा लगेच मिळेल, पण तुम्ही मालकाकडचे ठराल आणि पुढचे पंधरा दिवस तुम्हाला सगळं छान चाललंय असंच सांगितलं जाईल. महिला किसान अधिकार मंचासारख्या संघटना या बायकांसोबत आधीपासून काम करतात. अशा कुणामार्फत टोळीतल्या बायकांशी आधी बोला, तुम्ही कशासाठी येणार, किती दिवस राहणार, काय लिहून घेणार हे स्पष्ट सांगा आणि नको म्हणायची मोकळीक खरोखर ठेवा. मुकादमाला अंधारात ठेवणंही बरोबर नाही, कारण तुम्ही गेल्यावर त्याचा राग बायकांवर निघू शकतो. त्याला कळवा, पण होकार बायकांचा घ्या. शिकवणाऱ्याला मानधन असतं, तसं यांनाही द्या. जी बाई आपला वेळ देते, ज्या कोपीत तुमचा विद्यार्थी जेवतो, तिथे रोजचा ठरलेला मोबदला गेला पाहिजे आणि तो संस्थेच्या अंदाजपत्रकात अतिथी व्याख्यात्यांच्या शीर्षाखाली दाखवला पाहिजे. बोलण्यासाठी तिला थांबवून खाडा पाडणं तर सरळसरळ अन्याय आहे.

फडावरच्या मुक्कामात समुपदेशन करायचं नाही, हा नियम विद्यार्थ्यांना सर्वांत जड जातो. वहीसुद्धा दिवसा बाहेर काढायची नाही. बायका सांगतील ते साधं काम करायचं: कोपीवर मागे राहिलेली लहान मुलं सांभाळणं, पाणी भरणं, दवाखान्यात सोबत जाणं. ऊस तोडायला जाऊ नका. तुमच्या हातानं काम खोळंबतं आणि कोयता लागतो. मुलं सांभाळताना कळतं की आठ वर्षांची मुलगी धाकट्याची आई झालेली आहे. दवाखान्यात सोबत जाताना कळतं की केसपेपर काढणारा माणूस पत्ता विचारतो तेव्हा काय सांगावं हेच तिला कळत नाही. प्रश्नावली घेऊन गेलेल्याला ही दोन्ही दृश्यं दिसत नाहीत, कारण तो उत्तरं गोळा करत असतो. गावच्या बोलीचे, बंजारा टोळी असेल तर गोरमाटीचे, निदान रोजचे शब्द आधी शिकून जा. चुका होतील, मुलं हसतील. ते हसणं होऊ द्या. इतके दिवस मान ज्याच्याकडे होता त्याला थोडा वेळ अडाणी वाटणं ही या प्रशिक्षणातली मोठी कमाई आहे.

रात्री लिहायचं, आणि पानाचे दोन भाग करून लिहायचं. डावीकडे जे पाहिलं, ऐकलं तेवढंच. उजवीकडे त्यावरून मनात काय आलं. ‘नवरा जेवून झोपला, बायको भांडी घासत होती’ हे डावीकडे. ‘नवरा बेफिकीर आहे’ हे उजवीकडे. पर्यवेक्षकानं दर दोन-तीन दिवसांनी फोनवर हे वाचून घ्यावं आणि उजव्या बाजूच्या प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारावा: हे तुला तुझ्या घरातल्या कुठल्या नियमावरून वाटलं? म्हणून निघण्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्यानं स्वतःच्या घराबद्दल चार-पाच पानं लिहिलेली असावीत. जात कोणती, तिचा उल्लेख घरात कधी आणि कसा होतो, लग्नं कशी ठरतात, पैशांचे निर्णय कोण घेतं, शेवटी कोण जेवतं. ज्यांच्या घरात ‘आमच्याकडे जात मानत नाहीत’ असं म्हटलं जातं त्यांनी तर हे आवर्जून लिहावं. महाराष्ट्रात वेगळ्या संस्कृतीचा विचार जातीशिवाय होऊ शकत नाही, आणि टोळीत वंजारी, बंजारा, दलित, मराठा अशा कुटुंबांच्या कोपी कुठे आणि कशा उभ्या आहेत हे पाहायला डोळा आधी तयार लागतो. हे पर्यवेक्षण नसेल तर विद्यार्थ्याला पाठवूच नका. नुसतं राहून माणूस बदलतो ही समजूत चुकीची आहे. अनेकदा तो जुनंच मत अधिक तपशिलानं मांडायला शिकतो.

एका बाबतीत मात्र संस्थेनं कायदा समजून घेतल्याशिवाय पाऊल टाकू नये. इथे बालविवाहाच्या खाणाखुणा दिसतील, मारहाण दिसेल, जगायचं नाही असं कुणी बोलून जाईल. अठरा वर्षांखालच्या मुलीवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती कळलेल्या प्रत्येकावर 2012 च्या पॉक्सो कायद्यानं ती कळवण्याचं बंधन घातलं आहे आणि विवाह झालेला असला तरी अठरा वर्षांखालच्या पत्नीशी शरीरसंबंध हा गुन्हाच, हे सर्वोच्च न्यायालयानं 2017 मध्ये स्पष्ट केलं आहे. तक्रार झाली की कुटुंब उघड्यावर येऊ शकतं, न झाली तर मुलगी वाऱ्यावर. या पेचात बावीस वर्षांच्या विद्यार्थ्याला एकटं सोडणं म्हणजे दोघांचाही घात. मी कुठल्या गोष्टी गुप्त ठेवू शकत नाही, हे त्यानं पहिल्याच दिवशी बायकांना सांगावं. जवळचा बाल संरक्षण अधिकारी, स्थानिक संघटना आणि पर्यवेक्षक यांची साखळी आधीच तयार असावी. आत्महत्येचे विचार बोलून दाखवणाऱ्या व्यक्तीजवळ कुणीतरी थांबावं, तिला उपचारापर्यंत पोचवावं आणि 14416 हा टेलिमानसचा चोवीस तासांचा क्रमांक टोळीतल्या चार-पाच फोनमध्ये असावा.

आता आक्षेप. पहिला आणि वजनदार आक्षेप असा की शहरी मुलांना फडावर नेण्याचा खटाटोप कशाला, त्याच समाजातल्या माणसांना समुपदेशनाचं शिक्षण द्यावं. गोव्यात ‘संगाथ’ संस्थेनं हे करून दाखवलं आहे. मानसिक आरोग्याचं कुठलंही पूर्वशिक्षण नसलेल्या स्थानिक व्यक्तींना प्रशिक्षण देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवलं. सहा ते आठ भेटींच्या त्यांच्या उपचारानं तीव्र नैराश्य असलेल्या रुग्णांना फायदा झाला आणि तो वर्षभरानंतरही टिकला. 2016-17 मध्ये ‘लॅन्सेट’ आणि ‘प्लॉस मेडिसिन’ या नियतकालिकांनी हे निष्कर्ष छापले. विदर्भात अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत ‘विश्राम’ या कार्यक्रमानं गावातल्याच कार्यकर्त्यांना हाताशी धरलं, तेव्हा दीड वर्षात नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं. हा मार्ग बरोबरच आहे आणि टोळीतल्या, गावातल्या बायकांना समुपदेशक म्हणून घडवण्याला पहिला मान मिळाला पाहिजे. पण या स्थानिक कार्यकर्त्यांचं पर्यवेक्षण कोण करतं? जिल्हा रुग्णालयात, कौटुंबिक न्यायालयात, महिला साहाय्य कक्षात कोण बसतं? तिथे आजही पदवीधर आणि बहुतेकदा शहरी माणूसच आहे. गावातली कार्यकर्ती एखादा प्रसंग सांगते तेव्हा तिचं शहाणपण ओळखायला आणि स्वतःचा सल्ला आवरायला त्याला यायला हवं.

दुसरा आक्षेप अंधश्रद्धेचा. लोकांच्या समजुतींचा एवढा आदर करायचा तर देवऋषी, भगत, अंगात येणं यांनाही मान्यता द्यायची का? महाराष्ट्रात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, त्यामागे मोठा लढा आहे, आणि मारहाण, साखळदंड, उपचार रोखून धरणं यांच्याशी समुपदेशकानं कणभरही तडजोड करू नये. तमिळनाडूतल्या एरवाडीला ऑगस्ट 2001 मध्ये साखळीनं बांधलेले मनोरुग्ण आगीत जळून मेले, हे विसरता येणार नाही. पण अंगात येणाऱ्या बाईला ‘हे खोटं आहे’ असं सांगून समुपदेशक काय मिळवतो? घरात एरवी जिचं कुणी ऐकत नाही ती त्या वेळी काय बोलते, घरचे त्यानंतर तिच्याशी कसे वागतात, पहिल्यांदा हे कधी झालं, याचं उत्तर तिच्या दुःखाच्या मुळाशी नेतं. अमेरिकन मनोविकार संघटनेनं 2013 मध्ये आपल्या निदान-पुस्तिकेत 16 प्रश्नांची सांस्कृतिक मुलाखत जोडली, ती याच दिशेनं: तुमच्या मते हे कशामुळे होतंय, घरचे याला काय समजतात, आजवर कुणाकुणाची मदत घेतली. हे प्रश्न विचारल्यानं भगताला प्रमाणपत्र मिळत नाही. रुग्णाला मात्र आपली हकिगत पूर्ण सांगता येते आणि गोळी सुरू करायची वेळ आली तर ती मध्येच बंद होण्याची भीती कमी होते.

तिसरी गोष्ट आक्षेपाइतकीच सूचना म्हणूनही घ्यावी. वर्गात ऊसतोड कामगारांची, पारध्यांची, बौद्ध वस्तीतली मुलंही असतात. त्यांना फडावर कशाला पाठवायचं? त्यांचं तर आख्खं शिक्षणच दुसऱ्यांच्या संस्कृतीत बुडून झालेलं असतं: भाषा बदलली, उच्चार बदलले, घरचं सांगायचं टाळलं. या विद्यार्थ्यांना ‘तुमच्या समाजाबद्दल वर्गाला सांगा’ म्हणून उभं करू नका. ते त्यांच्यावर लादलेलं ओझं आहे. स्वतः तयार असतील तर आखणीत त्यांना सल्लागाराचं स्थान आणि त्याचे गुण द्या, आणि राहण्यासाठी त्यांच्या ओळखीच्या जगाबाहेरची जागा निवडू द्या: तृतीयपंथी व्यक्तींची एखादी वस्ती, कर्णबधिरांची संस्था किंवा शहरातली उच्चभ्रू सोसायटी. पैसेवाल्या घरातलं एकटेपण समजून घेणं हेही वेगळ्या संस्कृतीतलंच शिक्षण आहे आणि या मुलांकडेही पुढे तसे अशील येणार आहेत.

खर्चाचा प्रश्न मी खोटा मानत नाही. तीन भेटी, मानधन, पर्यवेक्षकाचा वेळ, एवढं सगळं लहान महाविद्यालयाला झेपणार नाही. तर साऱ्या वर्गाला नेऊ नका. दोन-तीन महाविद्यालयांनी मिळून एकच टोळी, एकच संघटना आणि एकच पर्यवेक्षक ठरवावा, वर्षाला सहा विद्यार्थी पाठवावेत आणि उरलेल्यांनी जवळच्या वस्तीत आठवड्याचा एक ठरावीक दिवस वर्षभर घालवावा. वर्षभर दर आठवड्याला दिलेला एक दिवस हा एकदाच झालेल्या आठवड्याच्या शिबिरापेक्षा नेहमीच चांगला.

या राहण्याचा परिणाम विद्यार्थ्यावर जेवढा, तेवढाच सेवेवर दिसला पाहिजे. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गोंड लोकांना दवाखान्याची भीती का वाटते हे विचारलं, तेव्हा मोठ्या इमारती, पांढऱ्या कपड्यांतली माणसं, नातेवाइकांना राहायला जागा नाही, देव नाही, अशी उत्तरं आली. त्यांनी माणसांना समजावत बसण्यापेक्षा दवाखाना बदलला: झोपड्यांसारख्या खोल्या, नातेवाइकांची सोय आणि नाव माँ दंतेश्वरीचं. फडावरून परतलेल्या विद्यार्थ्याकडून म्हणूनच ‘मला काय वाटलं’ याचा निबंध घेऊ नका. आपल्या समुपदेशन केंद्रात कोणते तीन बदल करावे लागतील, एवढंच लिहून घ्या: बाजाराच्या दिवशी संध्याकाळी उघडं राहणं, सोबतच्या बाईला खोलीत येऊ देणं, पुढच्या तारखेऐवजी फोनची वेळ ठरवणं, हंगाम संपून टोळी गावी परतताना बीडच्या केंद्राकडे कागद पाठवणं. गुणही स्वतः भरलेल्या प्रश्नावलीवर देऊ नका. आपण अधिक संवेदनशील झालो असं सगळेच लिहितात, आणि या विषयावरच्या संशोधनाचा मोठा दोषही हाच आहे की ते बहुतांशी अशा स्वतःच्या सांगण्यावर विसंबतं. जाण्यापूर्वी आणि आल्यानंतर विद्यार्थ्याची एकेक सराव-मुलाखत ध्वनिमुद्रित करा, टोळीतल्या दोन-तीन बायकांना मानधन देऊन ती ऐकवा आणि विचारा: याच्याकडे तुम्ही दुसऱ्यांदा जाल का, आणि नाही तर का? त्यांचं म्हणणं शब्दशः उतरवून गुणपत्रकाला जोडा आणि पुढच्या वर्षीची तुकडी निघण्यापूर्वी तिला ते वाचायला द्या.